ज्यात माझे हात नाहीत

आमच्या बँडच्या पहिल्या व्हिडिओत मी भरपूर दिसते. केस उडवताना दिसते, मान खाली घालताना दिसते, एकदा तर उगाचच लाजताना दिसते. ड्रम वाजवताना तेवढी दिसत नाही. आणि मी त्या बँडची ड्रमर आहे!

शूटिंग माधवनगरला, एका बंद गिरणीच्या शेडमध्ये झालं. कॅमेरावाला लग्नांचं शूटिंग करणारा. कष्टाळू माणूस, पण हाताला वळण एकच, नवरीचं. गायकाला त्यानं खालून घेतला, तो डोंगराएवढा दिसला. गिटारवाल्याची बोटं जवळून घेतली, तारा थरथरताना दिसल्या. माझ्याकडं वळला की लगेच स्लो मोशन, आणि माझ्याभोवती गोल गोल फेऱ्या.

"ताई, केस मोकळं सोडा की. जरा हसा."

"अहो, गाणं चिडलेल्या माणसाचं आहे. हसू कशाला?"

"मग नुसतं लाजून खाली बघा."

मी जीव तोडून सांगितलं, की टोला पडतो तिथं कट पाहिजे, आणि त्या कटात काठी आदळताना दिसली पाहिजे. नाहीतर बघणाऱ्याला वाटतं, आवाज मशीनचा आहे आणि ही बाई शोभेला बसवली आहे. तो "व्हय व्हय" म्हणत राहिला. पालथ्या घड्यावर पाणी. बँडमधली आमची पोरंही त्याच्याच बाजूनं. त्यांचे शॉट झकास आले होते ना!

माझं मात्र त्या व्हिडिओवर सगळंच टांगलेलं होतं. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून निवृत्त होऊन कुंडलला शेती बघतात. आमचा सराव सांगलीत, त्यामुळे मला वाजवताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. "त्या पोरांच्यात जाऊन करतीस काय?" हे त्यांचं कायमचं. शेवटी मीच शब्द दिला होता, "आबा, व्हिडिओ बघा. मग सोड म्हणालात तर सोडते."

व्हिडिओ आला. आबांनी चष्मा लावून दोनदा पाहिला.

"लय चांगली दिसतीस. पर ह्यात तू करतीस काय?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तसाच कॅमेरावाल्याला फोन लावला. म्हटलं, माझ्या हातांचे शॉट जोडा. तो थंडपणे म्हणाला, "ताई, ते घेतलंच न्हाईत."

आबांनी हौसेनं तो व्हिडिओ पै-पाहुण्यांत पाठवला आणि आठवड्यात स्थळ आलं. व्हिडिओवरूनच मुलगी पसंत आहे म्हणे. का नसेल? त्या कॅमेरावाल्यानं नवरीच काढली होती माझी! संताप असा, की रडूही येईना.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळीच मी सांगलीहून टेम्पोत घालून ड्रम कुंडलला आणले आणि घराच्या पुढच्या सोप्यात मांडले. आई कपाळावर हात मारत राहिली. पोह्यांच्या बशा तिनंच दिल्या. मी केस घट्ट बांधून ड्रममागं बसले.

मुलाच्या आईनं विचारलं, "मग, तुमी काय करता?"

"दाखवते," म्हटलं.

अख्खं गाणं वाजवलं. मध्ये कट नाही, स्लो मोशन नाही, हसू तर नाहीच. कॅमेरावाल्यावरचा सगळा राग त्या कातड्यांवर काढला. खिडक्यांची तावदानं वाजत होती. पाहुणे माझ्या तोंडाकडं बघत होते, हिला लागीर झालंय का काय म्हणून. आबा दाराला टेकून माझ्या हातांकडं बघत होते.

पाहुणे पोहे अर्धे टाकून उठले. ते परत आले नाहीत. ते गेल्यावर लगेच ड्रम परत न्यायला मी टेम्पोवाल्याला फोन लावायला लागले, तेव्हा आबांनी फोन काढून घेतला.

"ऱ्हाऊ दे हितंच," म्हणाले. "उद्या परत वाजीव. मगाशी मधी ती माणसं बसल्याली, नीट दिसलं न्हाई."