बसच्या अर्जावरचं सौ.

ग्रामसेवक नवीन होता. अर्जाखालची नावं तो एकेक करून मोठ्यानं वाचत होता, आणि कागदावर नुसतं 'सौ.' लिहिलेलं असलं तरी वाचताना पूर्ण 'सौभाग्यवती' म्हणत होता. अकरावं नाव माझ्या सुनेचं होतं. त्यानं तेही तसंच वाचलं आणि बाराव्यावर गेला. मग त्याला कळलं की देवळापुढच्या मांडवात कुणी बोलेना झालंय. त्यानं मान वर केली.

माझा मुलगा जाऊन तीन वर्षं झाली होती. कावीळ झाली आणि सतरा दिवसांत गेला. मागं सून आणि लहान नात. त्या मांडवात बसलेली जवळजवळ सगळी माणसं त्याच्या मातीला आलेली होती.

सून बायकांत मागं बसली होती. ती उठली. तिचा आवाज कापत नव्हता.

"ही सही माझी नाही," ती म्हणाली. "मी सौभाग्यवती नाही. आणि बस नको असं मी कुणाला म्हणलेलं नाही. मला बस पाहिजे."

सगळ्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. तो कागद घेऊन गल्लीत कोण फिरलं हे सगळ्यांना माहीत होतं.

हे कसं झालं ते सांगते.

आमचं गाव बेंबळीच्या रस्त्याला आहे, पण रस्त्यापासून आत. धाराशिव शहरात एक लहान बस फिरते. बसस्थानकापासून निघते, कचेऱ्या, दवाखाने, कॉलेज करत शहराच्या शेवटच्या कॉलनीपाशी येऊन वळते. तिथून आमचं गाव सहा किलोमीटर. ती बस पुढं वाढवायची असं ठरत होतं. पण एकाच बाजूला वाढवता येणार होती, एक तर आमच्याकडं, नाही तर ओढ्यापलीकडच्या गावाकडं. ज्या गावाचा ठराव आधी जाईल त्याचा विचार आधी होईल, असं सरपंच बाई सांगत होत्या.

त्या बसवरून गावात महिनाभर भांडण चाललं होतं. शहरात जायला आम्हाला टमटमच. ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि संध्याकाळी शहरातून शेवटची साडेपाचला निघते. त्यानंतर जो राहिला तो राहिला. टमटम चालवणारा आमच्याच गल्लीतला. बस आली तर त्याचा धंदा बसणार, म्हणून तो विरोधात असणार हे उघड होतं. त्या सभेतही पहिला तोच उठला.

"बस येईल हो," तो म्हणाला, "पर वळंल कुठं? माझ्या टकुऱ्यावर? पारापाशी वळवायची म्हणलं तर दोन्हीकडचे ओटे पाडावं लागत्यात. बायकांनी दळण निवडायचं कुठं, बसायचं कुठं?"

"तुझ्या टमटममधी बसायचं," एक म्हातारी म्हणाली. "एकदा बसले व्हते म्या. तवापासनं ह्यो गुडघा माझा ऱ्हायला न्हाय. पंधरा माणसं भरतोस, आन् वर शेळी!"

"शेळीचं भाडं घेत न्हाय मी, मावशे."

"शेळीला जागा बी माझ्याच मांडीवर दिलीस की!"

लोक हसले. मग एका जमीनवाल्यानं बस आली की मागून प्लॉटिंग येतं, शहर दारात येऊन बसतं, असं काढलं. त्याला दुसऱ्यानं विचारलं, "कॉलनीपाशी तुझी चार एकर व्हती, ती काय बसनं इकली व्हय?" पुन्हा हसणं. सरपंच बाई म्हणाल्या, दहावीनंतर पोरींची शाळा सुटते ती बुद्धी नाही म्हणून नाही, बस नाही म्हणून. हे त्यांनी माझ्याकडं बघून म्हटलं असं मला वाटलं. तेवढ्यात टमटमवाल्यानं खिशातून अर्ज काढला आणि ग्रामसेवकाच्या हातात दिला.

"माझं ऐकू नका. म्हणाल माझा धंदा हाय. बायकांचं ऐका. गल्लीतल्या बारा बायकांनी ओट्यासाठी सह्या दिल्यात. बायका नको म्हणत्यात बसला."

तो अर्ज त्यानं लिहिलेला, पण सह्या मी आणलेल्या. त्यानं तो माझ्याकडं का आणला हे मला कळत होतं. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पण अक्षर चांगलं आहे आणि बायका माझं ऐकतात. मी 'आण इकडं' म्हणाले. ओट्याचं कारण खोटं नव्हतं, ओटे खरंच जाणार होते. फक्त माझ्या घराला ओटा नाही. दाराबाहेर पाय टाकला की रस्ताच. हे त्या दिवसांत मला कुणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

मला बस का नको होती ते असं. सुनेनं लग्नाआधी रक्त तपासायचा कोर्स केला होता. मुलगा होता तोवर त्याचा विषय निघाला नाही. तो गेल्यावर दोन वर्षांनी तिनं कागद बाहेर काढले, आणि शहरातल्या एका दवाखान्यात तिला काम मिळालं. सकाळी दहा ते संध्याकाळी सात. सातला सुटल्यावर टमटम नाही. बसची शेवटची फेरी आठची असणार होती. म्हणजे बस आली की ती जाणार. दवाखान्यानं तिला महिनाअखेरपर्यंत थांबतो असं सांगितलं होतं. बस आली नाही तर ती घरी राहील, असा माझा हिशेब. लोक काय म्हणतील याची मला फारशी फिकीर नव्हती. मला घरात एकटं बसायचं नव्हतं. माझा नवरा गेला तेव्हा मी चाळिशीची होते. मला कुणी कुठं जायचं का विचारलं नव्हतं. तिला कुणी विचारत होतं याचाही मला राग होता. हेही खरं आहे.

अर्ज घेऊन मी एका दुपारी फिरले. आमच्याकडं कागद घरी आला की सासू सही करते, आणि सुनेची पण तीच करते. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. सून शेतात असते, धुण्याला गेलेली असते, आणि कागदवाला थांबत नाही. माझी सोडून बारापैकी सात सह्या मी केल्या. घरातल्या बाईला विचारलं, ती म्हणाली "ल्ह्या की काकू", मी लिहिली. माझी पहिली, गं. भा. लावून. विधवेनं लावायचं तसं बरोबर लावलं. पुढं सगळ्या सौ. शेवटी एकच घर बाकी ठेवून मी आमच्या उंबऱ्यावर बसले, पाट मांडीवर घेतला आणि सुनेचं नाव लिहिलं. ती दळण आणायला गेली होती. ती यायच्या आत मला उरकायचं होतं.

आधीच्या नऊ नावांना सौ. होतं. दहाव्यांदा हात तसाच चालला. एवढंच झालं. त्या वेळी मुलगा माझ्या मनात नव्हता. मी गिरणीच्या रस्त्याकडं बघत होते, ती येते का म्हणून.

तर मांडवात सगळे माझ्याकडं बघत होते. आता ग्रामसेवक विचारणार, ही सही कुणी केली. मग बाकीच्या सहा सह्या निघणार. टमटमवाला खाली बघत होता. मी तोंडावर पदर घेतला.

माझे चुलत दीर पुढं बसले होते. म्हातारा माणूस, कधी जास्त बोलत नाही. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आता. आईचा हात हाय त्यो. त्या हाताला अजून खरं वाटंना झालंय पोरगं गेलेलं."

बायकांतून एक जण हुंदका देऊन रडली. मग दुसरी. ज्या म्हातारीचा गुडघा गेला होता ती उठून माझ्याजवळ आली आणि माझी पाठ चोळायला लागली. "गप, माय, गप," म्हणत होती. पदराआड मी रडत नव्हते. मी तोंड लपवलं होतं, आणि लोकांना ते रडणं वाटलं. मला पदर काढता आला असता. मी काढला नाही.

त्यानंतर बसबद्दल बोलायची कुणाला सोय राहिली नाही. सरपंच बाईंनी विषय पुढच्या सभेवर टाकला. पुढची सभा व्हायच्या आधी ओढ्यापलीकडच्या गावाचा ठराव गेला आणि बस तिकडं वळली. सही कुणी केली हे मला कुणीही, कधीही विचारलं नाही.

सुनेनं मात्र विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाकरी थापत होती, मी चुलीपाशी. कोपऱ्यात एक पिशवी होती. तिच्यात तिचे आणि नातीचे कपडे भरलेले मी आदल्या दिवशीच बघितले होते. बस आली नाही तर शहरात खोली घेऊन राहायचं तिनं ठरवलं होतं, हे मला तेव्हा कळलं. माझा हिशेब तिथंच चुकला होता.

तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, "आत्या, खरंच त्यांची आठवण झाली का लिहिताना?"

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता.

"व्हय," मी म्हणाले.

तव्यावरची भाकरी जळाली. तिनं ती उलटली नाही. हात तसेच पिठाचे, आणि ती रडली. मुलगा गेला तेव्हा ती माझ्यासमोर रडली नव्हती. मग म्हणाली, "मला वाटलं तुम्ही मुद्दाम केलं. मी सगळ्यांसमोर तुम्हाला तसं बोलायला नको होतं."

संध्याकाळपर्यंत पिशवीतले कपडे परत फळीवर गेले. तिनं दवाखान्यात फोन करून जमत नाही म्हणून सांगितलं. महिनाअखेरीला तिथं दुसरी कुणी लागली.

त्यानंतर ती माझ्याशी फार चांगली वागली. चहा आधी मला. दर रविवारी माझ्या डोक्याला तेल लावायची. मी डोळे मिटून बसायचे, तिला वाटायचं मला बरं वाटतंय. नातीला ती सांगायची, आजीला त्रास देऊ नको, आजीचं मन दुखलेलं आहे. पोरगी दबकून वागायची. घरात लोणच्याच्या बरणीसारखं मला जपत होते. मी जपून घेत होते.

बस ओढ्यापलीकडच्या गावाला रोज यायला लागली. आमची माणसं शेतातून आडवी चालत जाऊन ती धरायला लागली. टमटमवाला आता माणसं आमच्या गावातून त्या गावच्या बसपाशी नेऊन सोडतो. त्याचं काही गेलं नाही.

असं दीड वर्ष चाललं. मग एका दुपारी सुनेला फोन आला. ती दारात उभी राहून बोलत होती, मी आत तूर निवडत होते. कुणीतरी तिला शहरात कामाला बोलवत होतं. ती म्हणाली, "नाही हो, नाही जमणार. आमच्या सासूबाई अजून सावरल्या नाहीत. त्यांना एकटं ठेवता येत नाही."

मी सावरलेलीच होते. पहिल्या वर्षातच. मुलगा गेल्याचं दुःख मला आहे, पण ते माझं मी वाहते, त्यासाठी मला कुणी धरून ठेवायला लागत नाही. ती फोन ठेवून आत आली तशी मी बोलले. सूप खाली ठेवलं नाही, ठेवलं असतं तर बोलणं राहिलं असतं.

"त्या दिवशी मला त्याची आठवण नव्हती," मी म्हणाले. "सगळ्यांना सौ. लिहिलं म्हणून तुला बी लिहिलं. हात चालला. आन् बस नको व्हती ती ओट्यासाठी न्हाय. तू जाशील म्हणून."

ती उभी राहिली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"सभेनंतर तो कागद मी बघितला होता. माझ्या नावातली वेलांटीसुद्धा चुकली होती तुमची," ती म्हणाली. "तेव्हाच कळायला पाहिजे होतं मला. आठवण काढून लिहिणारं माणूस एवढ्या घाईनं लिहीत नाही."

मी सुपातले खडे वेचत राहिले.

"दीड वर्ष, आत्या."

ती माझ्याजवळ बसली आणि उरलेली तूर निवडून टाकली, कारण ती दुसऱ्या दिवशी भरडायची होती. मग उठून तिनं आलेल्या नंबरवर फोन लावला. आठ दिवसांनी नातीचा शाळेचा दाखला काढून आणला. जाताना तिनं माझ्या पाया पडून नमस्कार केला, पोरीलाही करायला लावला. नमस्काराची रीत तिनं सोडली नाही. डोक्याला तेल लावणं सोडलं.

आता त्या दोघी शहरात राहतात. सून सकाळी त्याच बसनं कामावर जाते, शहरातल्या शहरात. दिवाळीला आली होती, दोन दिवस राहिली. गावात अजून कुणाला खरं ठाऊक नाही. परवाही त्या म्हातारीनं कुणाच्या तरी नव्या सुनेला माझ्यादेखत सांगितलं, बघ, आईची माया कशी असती, हिनं पोराच्या मागं त्याच्या बायकोला सौ. लिहिलं व्हतं. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, चहा टाकते.

दवाखान्यातलं ते पहिलं काम गेलं ते सुनेचं गेलं. माझ्या खोट्या दुःखाला जपत दीड वर्ष काढलं, तेही तिनंच.