लागलं का?

परवा शेंद्र्याला फ्लॅट बघायला गेले, तर फाटकाजवळ सडक्या अंड्यांचा तोच वास आला. दुष्काळाच्या वर्षांत याच माळावर कारखान्यांचा कचरा गाडलेला होता, आणि त्यातला गॅस जमिनीखालून कुठवर पसरतो ते मी मोजायचे. त्यासाठी जागोजागी पाइप पुरून झाकणांना कुलपं घातलेली. एका दुपारी झाकण उघडताच यंत्र किंचाळलं. मेंढ्यांमागं आलेल्या मावशींनी विचारलं, "लागलं का?" यंत्राच्या आकड्यावरची नजर न काढता मी म्हणाले, "लागलं, लई लागलं." बोअर घेताना आमच्याकडं पाण्याबद्दल हेच विचारतात, हे दुसऱ्या दिवशी पाइपाभोवती हंडे घेऊन उभं राहिलेलं गाव बघून ध्यानात आलं. "पाणी नाही मावशी, गॅस आहे!" "मंग कुलूप कशाला? गॅस कोन चोरतंय?" मावशींनी कुलपावर दगड उगारला, शेजारच्याच्या तोंडात पेटती विडी, मी पाइपालाच मिठी मारली. "बघा, कंपन्यांसाठी राखून ठिवलंय," म्हणत त्या थुंकल्या आणि रिकामा हंडा घेऊन गेल्या. परवा फाटकाच्या कडेला तसाच पाइप दिसला, झाकणाला कुलूप, वर कुंडी ठेवलेली. वॉचमन म्हणाला, "जुना बोअर हाय मॅडम, पानी नाय लागलं." मी मावशींच्याच आवाजात विचारलं, "मंग कुलूप कशाला?"