पत्ता : वाईन शॉपच्या मागे

माझी पीएच.डी. ठिपक्यांवर आहे. कोऱ्या कागदावर विखुरलेले ठिपके उगाच पडलेत, की कशामुळे तरी एका जागी गोळा झालेत, हे ओळखायचं गणित. माझ्या ठिपक्यांना नावगाव नव्हतं आणि मला तेच आवडायचं. माणसांशी बोलायला लागू नये म्हणून मी गणिताकडे वळले, असं आई येईल-जाईल त्याला सांगते. ते खोटं नाही.

मुलुंडला राहायचं, घाटकोपरच्या कॉलेजात शिकवायचं, असं माझं बरं चाललं होतं. एकदा उपनगरातल्या एका हॉस्पिटलमधल्या डॉक्टर माझ्या व्याख्यानाला आल्या. नंतर चहा घेताना म्हणाल्या, "तुमच्या ठिपक्यांच्या जागी माझे पेशंट घालता येतील का?"

त्यांच्याकडे दारूपायी माणसं दाखल व्हायची. कुणाचं लिव्हर गेलेलं, कुणी जिन्यावरून पडलेलं. ही माणसं दारूच्या दुकानांच्या आसपासच राहतात का, आणि समुपदेशन केंद्र काढायचं तर नेमकं कुठे, हे त्यांना हवं होतं. मी लगेच हो म्हटलं. मला वाटलं, सगळं काम संगणकावर होईल.

रीतसर परवानगी काढून आम्ही रजिस्टरमधली नावं वगळली आणि फक्त पत्ते घेतले. दुकानांच्या जागा मात्र मला स्वतः जाऊन मोबाइलवर टिपाव्या लागल्या. एकेका परमिट रूमसमोर उभं राहायचं, जागा पक्की होईपर्यंत थांबायचं, वहीत लिहायचं. तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला. ती आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले खाली राहते.

"तळमजल्यावरच्या वहिनींनी तुला बारसमोर बघितलं म्हणे. अर्धा तास."

"अगं, काम होतं माझं."

"मग आत तरी जायचंस! बाहेर ताटकळत काय उभी राहतेस?"

महिनाभराने नकाशा तयार झाला. दुकानं निळी, पेशंट लाल. मी बटण दाबलं आणि लाल ठिपके प्रत्येक निळ्या ठिपक्याला असे चिकटले, जसे गुळाला मुंगळे. इतकं स्वच्छ उत्तर मला आयुष्यात मिळालं नव्हतं. मी नवऱ्याला फोन केला. "झकास!" तो म्हणाला. कळलं त्याला काहीच नव्हतं.

डॉक्टरांना नकाशा दाखवत होते, तेवढ्यात रेकॉर्ड रूमचे क्लार्क रजिस्टर परत न्यायला आले. मालवणकडचे, निवृत्तीला आलेले गृहस्थ. चष्मा वर करून त्यांनी पडद्याकडे बघितलं.

"मॅडम, ह्यो सगळो घोळको वाईन शॉपच्या मागे कसो?"

"तिथेच राहतात ना ते. पत्ता तसाच आहे."

"ह्यो पत्तो नाय, ही खूण. झोपडपट्टीत नंबर खंय? मी इचारतंय, खंय रवतस? तो म्हणता, वाईन शॉपच्या मागे. मी लिवतंय."

रजिस्टर काखेत मारून ते निघून गेले. डॉक्टर माझ्याकडे बघत होत्या आणि मी पडद्याकडे. माझ्या त्या सुंदर नकाशाची पार वाट लागली होती.

आता जागेवर जाऊन बघणं भाग होतं. कुणाच्या दारात आजाराचा विषय काढायचा नव्हता. लिहिलेल्या जागी वस्ती तरी आहे का, एवढंच पाहायचं होतं. आई म्हणाली, "मी येते. तू लोकांशी काय बोलणार?" आई घाटकोपरच्या एका मराठी शाळेत तीस-पस्तीस वर्षं शिकवत होती. आता तिचे गुडघे दुखतात, पण आवाज तसाच आहे.

रजिस्टरात सगळ्यात जास्त वेळा आलेलं वाईन शॉप घाटकोपरला टेकडीच्या पायथ्याशी होतं. सकाळी अकराला आम्ही त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिलो. तिथे एक गटार होतं आणि पलीकडे पालिकेच्या पंपघराची भिंत. माझ्या नकाशाप्रमाणे त्या गटारात भरगच्च वस्ती होती.

"हुशार आहेस," आई म्हणाली.

पुढच्या बाजूला आलो तर दुकानातून एक पन्नाशीचा माणूस बाहेर पडत होता. मिशा पिकलेल्या, शर्टावर रंगाचे शिंतोडे. आईला बघून तो जागच्या जागी थिजला. एक हात पाठीमागे गेला.

"नमस्ते, बाई."

आईने त्याला नीट न्याहाळलं. "मागच्या बाकावरचा ना तू? हात पुढे कर."

त्याने एक हात पुढे केला.

"दुसरा."

दुसऱ्या हातात क्वार्टर होती. आईने ती घेतली आणि आपल्या कापडी पिशवीत टाकली. त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले. मीही ताठ उभी राहिले. मलाही लहानपणापासून त्या आवाजाची सवय आहे.

"राहतोस कुठे?"

"ते काय वर, बाई. टाकीच्या पलीकडे."

"आणि पत्ता काय सांगतोस?"

"वाईन शॉपच्या मागे."

"टाकीजवळ असं का नाही सांगत?"

"टाक्या तीन आहेत, बाई. वाईन शॉप एकच." मग जरा धीर येऊन म्हणाला, "रिक्षावाल्याला कळतं, पाहुण्यांना कळतं. पोरीच्या लग्नपत्रिकेत पण तेच छापलं होतं."

तोच मग आम्हाला टेकडीवर घेऊन गेला. पायऱ्या चढताना आईला हात देत होता. वस्ती पार वरपर्यंत पसरली होती आणि विचारलं की जो तो 'वाईन शॉपच्या मागे' असंच सांगत होता. त्यात दारूच्या थेंबाला न शिवणाऱ्या दोन माळकरी आज्याही होत्या.

परत उतरताना आईने त्याला विचारलं, "इतक्या लांबून खाली येतोस प्यायला?"

"नाही, बाई. घराजवळ कोण पितं? घरातले बघतात. बाटली इथून घेतली तरी पितो नाक्यावर. सकाळी कामासाठी उभे राहतो ना, तिथे. काम नाही मिळालं की मग..." आई त्याचा हात धरून पुढची पायरी उतरली.

मी पायरीवरच थांबले. इतके दिवस मी माणसं राहतात कुठे, हेच मोजत बसले होते. पितात कुठे, हे मी विचारलंच नव्हतं.

घरी आल्यावर पिशवी उघडली, तर क्वार्टर तशीच आत. तो मागायला लाजला होता आणि आई विसरली होती. नवरा म्हणाला, ओतून टाका. आई भडकली. "शाळेत मी पोरांचे भोवरेसुद्धा संध्याकाळी परत द्यायची. दुसऱ्याची वस्तू आहे ती." त्यामुळे ती बाटली आठवडाभर आईच्या ओट्यावर, तेलाच्या बरणीशेजारी उभी होती. तळमजल्यावरच्या वहिनी विरजण मागायला आल्या, त्यांनी ती बघितली आणि विरजण न घेताच गेल्या.

पुढच्या आठवड्यात आई टेकडीखाली जाऊन त्याला ती देऊन आली. मी बरोबर होते. "फेकून द्यायचीत ना, बाई," तो म्हणाला. "तू फेक. तुझी आहे," आई म्हणाली. त्याने फेकली नाही. खिशात घातली आणि खाली मान घालून निघून गेला. रिक्षात आई ती रिकामी कापडी पिशवी पुन्हा पुन्हा घडी घालत होती.

नकाशा मी नव्याने केला. डॉक्टरांनी हॉस्पिटलच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढवला : शेवटची कुठे घेतली? मला वाटलं, कोणी उत्तर देणार नाही. क्लार्क मात्र खूश होते. "पत्तो इचारलो तर अडखळतत. ह्या इचारला तर टेबलाचो नंबर सांगतत." नव्या नकाशात दुकानांमागचे घोळके विरघळले. दोनच उरले, दोन्ही मजूर उभे राहतात त्या नाक्यांपाशी. जुन्या नकाशाइतका तो देखणा नव्हता. या कामावर लिहिलेल्या माझ्या शोधनिबंधाच्या परीक्षकाने लिहिलं, निष्कर्ष माफक आहेत. ते बरोबरच होतं.

समुपदेशन केंद्रासाठी वस्तीतली एक खोली ठरत आली होती, तो बेत रद्द झाला. त्याऐवजी आता आठवड्यातून तीन दिवस सकाळी त्या दोनपैकी एका नाक्यावर एक टेबल लागतं, दोन खुर्च्या आणि हॉस्पिटलची समुपदेशक. पहिल्या दिवशी फक्त शेजारचा चहावाला येऊन बसला, तोही खुर्ची मोकळी होती म्हणून. दुसऱ्या आठवड्यात एक गवंडी आला, मित्रासाठी विचारतोय म्हणाला. त्याच्यानंतर मित्रासाठी विचारणारे बरेच आले. काही जण आता स्वतःसाठी विचारतात. मीही अधूनमधून जाते. त्यांनी विचारलं तर बोलते, नाहीतर नुसती बसते. काम न मिळालेली माणसं समोर उभी असतात, आणि त्यांतली एक-दोन हळूहळू टेबलाकडे सरकतात.