मडक्यातली पलटण

डोळ्यांना न दिसणाऱ्यांची रोज सकाळी हजेरी घेणारा माणूस अवघ्या सातारा जिल्ह्यात एकच झाला, आणि तो आमच्या आत्याचा नवरा होता; त्यांना आम्ही मामा म्हणायचो. बहात्तरच्या दुष्काळानंतर वर्षा-दोन वर्षांनी मामा सुभेदार म्हणून पेन्शनीत निघाले आणि कराडसमोर कोयनेपलीकडच्या मलकापूरला आले, ते एक लोखंडी ट्रंक, भरघोस मिशा आणि कलकत्त्याला जडलेला माशांचा नाद घेऊन. मलकापुरात मासा म्हटले की लोक आधी कालवणाचे विचारायचे. मामांनी लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीत काचा बसवून ओसरीवर टाकी उभी केली, दोन सोनेरी मासे सोडले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावले, "ह्ये खायाचं न्हाई. बघायाचं."

टाकीच्या तळाला वाळूची गाळणी होतीच. पण राखीव तुकडी नाही अशी फौज मामांना झोप येऊ देत नसे. म्हणून त्यांनी टाकीवर एक भोकाचे मडके टांगले आणि त्यात विटांचे तुकडे भरले. पंपाने पाणी मडक्यात चढायचे आणि ठिबकत टाकीत उतरायचे. त्या विटांवर म्हणे बारीक जंतू वस्तीला येतात आणि माशांच्या घाणीचे विष खाऊन टाकतात. मामा त्यांना 'जवान' म्हणत. "रंगरूट तयार व्हायला सहा आठवडं लागत्यात, गड्या," ते मला सांगत. "पर एकदा तयार झाला की चोवीस तास ड्यूटी. पगार न्हाई, रजा न्हाई." रोज चहाआधी ते मडक्यात नाक घालून वास घेत. मातीचा वास आला की पलटण हजर.

आत्याला हे सगळे थोतांड वाटे. "दगडात जीव हाय म्हणं," ती मला ऐकवी, "आन् मी दिसभर राबती, माजी हजेरी कुणी घेतली न्हाई." पण तिच्या बांगड्या वाजल्या की दोन्ही मासे काचेशी येत, आणि ती इकडेतिकडे बघून चिमूटभर कणीक टाकी. हे मी पाहिले आहे. मामांनीही पाहिले होते, पण सुभेदाराने काय काय पाहायचे नसते हे त्यांना ठाऊक होते.

एका वर्षी घटस्थापनेच्या तोंडावर मामा पेन्शनीच्या कामाला साताऱ्याला गेले आणि आत्याने दसरा काढला. आमच्याकडे दसरा काढणे म्हणजे घरातली प्रत्येक वस्तू धुणे. वाकळा, घोंगडी, भांडी, सगळे कोयनेवर गेले. ओसरीवरच्या हिरव्या पडलेल्या विटांची तिला दया आली. तिने मडक्यातले तुकडे आणि टाकीची वाळूसुद्धा पाटीत घेतली, सोडा लावून घासली आणि खडकावर कडकडीत वाळवली. नवरा खूश होईल, एवढाच तिचा हेतू होता.

मामा परतले, त्यांनी मडक्याचा वास घेतला आणि पायरीवर बसले. "पलटण गारद," एवढेच म्हणाले. माझ्या आत्यावर ते ओरडले असते तर बरे झाले असते. ते रोज बादल्यांनी पाणी बदलू लागले, तरी तिसऱ्या दिवशी थोरला मासा वर येऊन तोंड वासू लागला. आत्याने स्वयंपाक केला, पण जेवली नाही.

"आवं, ही तुमची जवानं नवी कुठनं मिळायची?" शेवटी तिने विचारले.

"चालू टाकीतल्या मूठभर विटा घातल्या की वाढत्यात."

"म्हंजी इरजणावानी?"

मामा तिच्याकडे बघतच राहिले. "व्हय. अगदी इरजणावानी."

"मग सा वर्सं पलटण-पलटण काय करत बसलाव? आदी आसं सांगायचं की."

आणि ती थेट कराडला माझ्या बिऱ्हाडी आली. मामांनी वर्षापूर्वी मलाही मासा, छोटा पंप आणि विटांचे डबडे दिले होते. मी ते आळसापायी एकदाही धुतले नव्हते. माझ्या आळसाला आमच्या घराण्यात मान मिळाला तो त्या दिवशी. आत्याने त्या बुळबुळीत विटा पातेल्यात ओल्याच घेतल्या आणि पदराखाली झाकून पूल ओलांडून नेल्या. थोरला मासा वाचला. धाकटा गेला. मामांनी त्याला तुळशीपाशी पुरले आणि आत्याला एका शब्दाने बोलले नाहीत.

मामा जाऊन आता बरीच वर्षे झाली. थोरला मासाही त्यांच्या मागोमाग गेला. टाकी अजून ओसरीवर आहे, पाण्याने भरलेली, माशांवाचून रिकामी. दसरा काढायला आत्या आता सुनांना कामाला लावते, पण त्या मडक्याला कुणाला हात लावू देत नाही. रोज चहाआधी त्यात नाक घालते आणि जवानांच्या पोटाला म्हणून टाकीत चिमूटभर कणीक टाकते.

गेल्या खेपेला मी चिडवले, "आत्या, मासे न्हाईत. आता तरी जवानांस्नी सुट्टी दे की."

"सुट्टी द्यायला हुकूम त्येंचा लागतो," ती म्हणाली. "त्यो आता कुठनं आणू?"