आधी बंद काय करायचं ते बोला

गाडी थांबली की सगळ्यांच्या आधी चाचा उतरायचे. मागच्या कप्प्यातून जुन्या रुमालात गुंडाळलेला शंभरचा पिवळा बल्ब काढायचे, गावात जिथून लाइन मिळणार असेल तिथल्या सॉकेटात त्याची वायर खोचायचे, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून त्या बल्बकडे बघत उभे राहायचे. मुलगी बघायला आलेला माणूससुद्धा इतका वेळ बघत नसेल. मग निकाल सांगायचे. उजेड पांढरा असला तर "दूध हाये". पिवळा असला तर "हळद हाये, चालंल". आणि लाल असला तर बल्ब पुन्हा रुमालात गुंडाळत म्हणायचे, "गाजर हाये ताई. बसा निवांत."

आमची गाडी म्हणजे छातीचे फोटो काढणारी गाडी. एका संस्थेची. गावोगाव, वस्त्यांवर जायचं, खोकला असणाऱ्यांचे एक्स-रे काढायचे, थुंकीचे नमुने घ्यायचे आणि संध्याकाळी जालन्याला परत. मी फोटो काढणारी, एक तरुण डॉक्टर, आणि गाडी चालवणारे चाचा. चाचा अंबडचे. आधी लग्नाच्या मांडवांना लायटिंग करायचे, त्यामुळे वायर म्हणजे त्यांचा जीव की प्राण. गाडीची लांबलचक काळी वायर ते स्वतःच सोडायचे आणि स्वतःच गुंडाळायचे, पंजा ते कोपर, पंजा ते कोपर, एका दमात. दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही. "पीळ पडतो," म्हणायचे.

गाडीत मशीन, कम्प्युटर, एसी, दोन पंखे आणि नमुन्यांचा छोटा फ्रीज. हे सगळं चालवायला जनरेटर होता, तो मी नोकरीला लागायच्या आधीच बंद पडलेला. संस्थेत विचारलं की उत्तर ठरलेलं, पुढच्या महिन्यात. तो पुढचा महिना काही उजाडला नाही. राहिल्या बॅटऱ्या. गावातून मिळेल तेवढी लाइन घ्यायची, बॅटऱ्या भरायच्या, आणि त्यात दिवस काढायचा. आता गावातलं सॉकेट म्हणजे काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. शाळेचं सैल, ग्रामपंचायतीचं जळकं, किराणा दुकानाचं फ्रीजमागे लपलेलं.

म्हणून चाचांचा एकच नियम होता. कुणी काहीही चालू करा म्हटलं की ते विचारायचे, "चालू नंतर करू. आधी बंद काय करायचं ते बोला."

या वाक्यानं माझ्या डोक्याला किती वेळा ताप झाला असेल! उन्हाळ्यात त्या पत्र्याच्या डब्यात बसून बघा एकदा. मी ओरडायचे, "चाचा, एसी लावा, जीव चालला माझा." ते खिडकीतून डोकावून थंडपणे म्हणायचे, "एसी मशीनसाठी हाये ताई, तुमच्यासाठी न्हाई."

"म्हणजे मी मशीनपेक्षा स्वस्त का?"

"तुम्ही बाहेर येऊन हवा खाऊ शकता. मशीन कुठं जाईल?"

मी तणतणत बसायचे. थोड्या वेळानं दारावर ओलं पोतं लटकलेलं दिसायचं. कुठून तरी बादलीभर पाणी आणून त्यांनीच टांगलेलं असायचं.

डॉक्टरांची तर त्याहून गंमत. आमचे डॉक्टर नवीन होते तेव्हा एकदा विजेची किटली घेऊन आले, हिरवा चहा करायला. बटण दाबलं आणि गाडीतलं सगळं गपगार. कम्प्युटर गेला, त्याबरोबर माझे नुकतेच काढलेले दोन फोटोही गेले. चाचा आत आले, किटली काढली, वायर नीट गुंडाळली आणि म्हणाले, "साहेब, ही किटली म्हंजे सात-आठ माणसांचे फोटो पिऊन राह्यली." त्या दिवसापासून किटली ड्रायव्हरच्या सीटखाली गेली, आणि डॉक्टरांना प्रत्येक गावात हॉटेलातला साखरेचा चहा मिळू लागला. चाचा स्वतः ग्लास घेऊन यायचे. बिचारे डॉक्टर प्यायचे निमूट.

कुंभार पिंपळगावची गोष्ट सांगते. बाजारचा दिवस, माणूस मावेना, आणि लाइन मिळाली ती पिठाच्या गिरणीची. गिरणी सुरू झाली की चाचांचा बल्ब गाजर. गिरणी थांबली की दूध. मी म्हटलं, झालं, आज घरी. पण चाचा गिरणीवाल्याच्या बाकावर जाऊन बसले. पाच मिनिटांनी परत आले ते तह करूनच. "त्यांचं एक पोतं, मंग आपले पाच फोटो. मंग पुन्हा त्यांचं एक पोतं." दिवसभर तसंच चाललं. गिरणीची घरघर थांबली की आम्ही फोटो काढायचो, चाचांनी हात वर केला की गिरणीवाला पट्टा चढवायचा. दळणाची आणि फोटोची रांग शेवटी एकच झाली. एक म्हातारी ज्वारीचा डबा घेऊन माझ्या गाडीत चढली आणि म्हणाली, "बारीक दळ गं माय." हसून हसून पुरेवाट.

आणखी एक सवय होती त्यांची. फोटोच्या वेळी एसी आणि पंखे बंद करावे लागायचे, ते खटके गाडीच्या बाहेरच्या बाजूला होते. चाचा तिथं उभे राहायचे. मी आतून माणसाला सांगायचे, "मोठा श्वास घ्या. धरा." बाहेर चाचाही श्वास घेऊन धरायचे. प्रत्येक माणसाबरोबर. मी "सोडा" म्हटलं की पत्र्यापलीकडून त्यांचा "हाऽऽ" ऐकू यायचा, मग खटका, मग पंखा सुरू. एकदा विचारलं, तुम्ही कशाला धरता? म्हणाले, "तेवढा टाइम कळतो बराबर. आन् त्या माणसालाबी सोबत."

मग एका पावसाळ्यात त्यांचा "हाऽऽ" यायचा बंद झाला. त्याऐवजी खोकला यायला लागला. मी "धरा" म्हटलं की दोन सेकंदांत बाहेरून ठसका. मी म्हटलं, "चाचा, तुमचाच फोटो काढू एकदा." ते म्हणाले, "काढू की. घरचीच गाडी हाये. बॅटरी उरली तर काढू."

बॅटरी कधी उरायची नाही. शेवटच्या माणसाचा फोटो झाला की कम्प्युटर टुंक टुंक करायला लागायचा. आम्ही थकलेले, रस्ता खराब, घरी पोचून स्वयंपाक माझ्यापुढे उभा. मी म्हणायचे, "उद्या नक्की हं चाचा." ते म्हणायचे, "उद्या." हे किती दिवस चाललं असेल? पाऊस संपला, दिवाळी आली.

आता जे सांगते ते सांगताना मला लाज वाटते. दिवाळीनंतर एका वस्तीवर खूप गर्दी होती. मी "धरा" म्हटलं, बाहेरून चाचा जोरात खोकले, आतला माणूस दचकून हलला आणि फोटो बिघडला. पुन्हा काढला, पुन्हा तेच. मी आधीच वैतागलेली. दार उघडून तोंड सोडलं, "चाचा, तुमच्या खोकल्यानं माझे फोटो वाया जातायत. बॅटरी बॅटरी तुम्हीच करता ना? मग जरा लांब जाऊन खोका!"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खटक्यांना एक लांब दोरी बांधली आणि दूर झाडाखाली उभे राहून ओढू लागले. मला खोकला ऐकू येईना. आणि खरं सांगू का, ऐकू येत नाही म्हणून मी विसरून गेले. चाचांना बरं वाटत असेल असं धरून चालले. खोकला शोधायची नोकरी माझी, पगार त्याचाच घेते मी, आणि हाताशी असलेला खोकला मी झाडाखाली हाकलून दिला. फोटो काढता आला असता. कोणत्याही दिवशी एक माणूस कमी केला असता तर काढता आला असता. बॅटरीवर ढकलणं सोपं होतं एवढंच.

आता आमच्याकडे नवी गाडी आहे. टपावर सोलरच्या पाट्या, आत एसी, पंखे, मशीन, सगळं एकदम चालतं. डॉक्टरांची किटलीसुद्धा चालते. नवा ड्रायव्हर चांगला मुलगा आहे, गाडी लावतो आणि मोबाइल बघत बसतो. त्याचा काही दोष नाही, त्याला बघायला काही उरलेलंच नाही. चाचा गेले त्याला एक पावसाळा झाला. मी अंबडला त्यांच्या घरी भेटायला गेले होते तेव्हा चाची म्हणाल्या, "आखरीपर्यंत हेच, पंखा कुणासाठी चालू हाये, बंद करा." रडता रडता हसल्या, आणि मीही.

पण मला सांगायचा आहे तो त्या दिवाळीनंतरचा माघातला दिवस. अंकुशनगरच्या बाजूला ऊसतोडीवाल्यांच्या पाचटाच्या कोप्यांपाशी गाडी लावली होती. दुपारी रांग संपली. मी पाणी प्यायला खाली उतरले तर चाचा वायर गुंडाळत होते. चार वेढे घातले आणि खाली बसले. दम घेतला. उठले, पुन्हा चार वेढे, पुन्हा बसले. मी हातातला तांब्या तसाच धरून बघत राहिले. पंजा ते कोपर, एका दमात गुंडाळणारा माणूस.

"चाचा, आत चला. फोटो."

"बॅटरी संपली ताई. उद्या."

"उद्या गेला खड्ड्यात," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "वायर सोडा परत. आज मी बोलते बंद काय करायचं ते. सगळं बंद. बॅटरी भरेपर्यंत कुणी हलायचं नाही."

"साहेबांना उशीर हुईल..."

"होऊ दे," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी स्वतः कम्प्युटर बंद केला. मी पंखे बंद केले, दिवे बंद केले. फ्रीजला हात घातला तशी चाचांनी मान हलवली. "फ्रीज न्हाई ताई. त्यात लोकांचे नमुने हायेत." फ्रीज ठेवला. मग आम्ही तिघं बाभळीखाली बसून राहिलो, दोन तास, बॅटरी भरायची वाट बघत. कोप्यांमधून भाकरीचा धूर यायला लागला. आपल्यासाठी सगळी गाडी थांबली याचाच चाचांना संकोच झाला होता. ते सारखे म्हणत होते, "एका माणसासाठी एवढं... बिलकुल बराबर न्हाई हे."

ऊन कलल्यावर मी त्यांना आत घेतलं. बल्बवर लक्ष ठेवायला डॉक्टर बाहेर. ते ओरडले, "चाचा, हळद आहे! की गाजर? नक्की कळत नाही हो!" चाचा सदरा काढता काढता हसले आणि त्या हसण्यानं पुन्हा खोकले. मी त्यांना मशीनच्या पाटीपुढे उभं केलं, हनुवटी वर, खांदे पुढे. फासळ्या मोजता येत होत्या. एवढे वाळले होते आणि मी रोज त्यांच्याच गाडीत बसत होते.

"मोठा श्वास घ्या. धरा."

धरवला नाही. ठसका लागला, फोटो हलला. चाचांचा चेहरा एवढासा झाला. "एक गेला ना ताई वाया?"

"जाऊ द्या. अजून एक निघेल. मी पण धरते तुमच्यासोबत. घ्या."

आम्ही दोघांनी श्वास घेतला. मी बटण दाबलं. माझा श्वास छातीत, त्यांचा त्यांच्या, आणि गाडीत दुसरा कसलाच आवाज नव्हता. मग मी "सोडा" म्हटलं. कितीतरी महिन्यांनी त्यांचा "हाऽऽ" ऐकला.

पडद्यावर फोटो उमटला. त्या हंगामात इतका साफ फोटो मी काढला नव्हता. आणि उजव्या बाजूला, वर, लिंबाएवढा पांढरा गोळा होता.

माझ्या पाठीमागून चाचांनी विचारलं, "फोटो चांगला आला का, ताई? बिघडला तर न्हाई?"

"नाही बिघडला," मी म्हटलं. मला मागे वळून बघवेना. "बाकी डॉक्टरसाहेब बघून सांगतील."

"मंग बराबर," ते म्हणाले. सदऱ्याची बटणं लावली. दारात थांबून म्हणाले, "एसी लावा आता थोडा. मशीन तापलं असंल." आणि वायर गुंडाळायला उतरले.

बाहेर वायर जमिनीवर घासल्याचा आवाज येत होता. चार वेढे. मग काहीच नाही. मग पुन्हा चार. मी पडदा तसाच ठेवून खाली उतरले आणि वायरचं दुसरं टोक हातात घेतलं. पीळ पडतो असं ते म्हणाले नाहीत. बसल्या जागेवरून त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि धरू दिलं.