शेपटीचे तुकडे आणि मिलचा दोरा

वडील पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड रंगवतात आणि घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. हे मी अभिमानानं सांगते. कुणाला मिरवणं वाटलं तर वाटो.

एम.एस्सी.ला माझ्याकडे गुहेतले आंधळे मासे होते. जात एकच, पण नदीतल्यांना डोळे असतात आणि पिढ्यानपिढ्या अंधारात राहिलेल्यांचे गेलेले. दोघांच्या संकरातून झालेली नातवंडं मात्र तऱ्हेतऱ्हेची निघाली. कुणाचे डोळे टपोरे, कुणाचे नुसते ठिपके. प्रत्येकाच्या शेपटीचा इवलासा तुकडा बाहेरगावच्या लॅबला पाठवायचा. ते अख्खा जीनोम वाचणार, आणि डोळे जाण्याशी त्यातला कुठला भाग जोडलाय ते आम्ही शोधणार.

तुकडे स्पिरिटच्या नळ्यांत भरले, वर मार्करनं नंबर घातले. पाठवायच्या आदल्या दिवशी पाहते तर स्पिरिट झिरपलेलं आणि चोवीसच्या चोवीस नळ्या कोऱ्या! अंदाजानं नंबर टाकले असते तर कुणाला कळलं नसतं. पुन्हा कापायचं तर शेपट्या भरून येईपर्यंत थांबा. म्हणजे ही खेप हुकणार, प्रबंध लांबणार.

संध्याकाळी वडिलांनी चेहऱ्यावरून ओळखलं. "काय झायं व माय?"

सगळं सांगितलं.

"त्या मासाले डोया नहीत. तुले तं शेतस ना? मंग स्पिरिटवर शाईनी लिखं कसं?"

आई पदर तोंडाला लावून हसली. मला रडू येत होतं.

"अंदाजानं लिहू का, बाबा?"

"एक डाव मी बी अंदाज करा व्हता. लाल पाहिजे व्हता, आख्खा लॉट जांभया रंगना निंघना. अंदाज नको." मग डब्यातून दोन रिळं काढून दिली, लाल आणि निळं. मिलमध्ये शाई पहिल्याच पाण्यात जाते, म्हणून लॉटच्या टोकाला पक्क्या रंगाच्या दोऱ्याची खूण शिवतात.

सकाळी माझ्या गाईड मॅडमना सांगितलं, "चूक माझी आहे."

त्यांनी एक कोरी नळी उजेडात धरून पाहिली. "अंदाजानं पाठवलं असतंस, तर मी वर्षभर भलत्याच जागी डोळे शोधत बसले असते. थांब आता."

थांबले. प्रबंध एक सत्र लांबला. पुढच्या खेपेला प्रत्येक नळीच्या गळ्यात दोरे होते. लाल गाठी दशकाच्या, निळ्या एककाच्या. मॅडम हसल्या, पण काढायला लावले नाहीत.

आठवड्यानं बाहेरगावच्या लॅबमधून मला फोन आला. "मॅडम, ये धागे किसलिए?"

"आमच्या मिलची पद्धत आहे," मी मराठीतच म्हटलं, आणि मग हिंदीत समजावून सांगितलं.