ऑक्सिजन वाढवला

विद्यापीठात मी लेखन शिकवते असं म्हटलं की लोकांना वाटतं, मी मुलांकडून कविता लिहून घेत असेन. मी शिकवते ते अहवाल, खुलासे, नोंदी आणि अर्ज. आठवड्याच्या सुरुवातीला विधीचा वर्ग असतो, मग अभियांत्रिकीचा, मग समाजकार्याचा, आणि शेवटी नर्सिंगच्या मुलींचा. अभ्यासक्रम एकच असला तरी मराठी प्रत्येकाची वेगळी. विधीची मुलं पहिल्या सत्रातच 'सदर इसम' लिहायला लागतात. एकाने मला रजेच्या अर्जात 'सदर आजी आजारी असल्याकारणाने' असं लिहून दिलं होतं. अभियांत्रिकीच्या मुलांच्या लिखाणात माणूसच नसतो. झडप उघडण्यात आली, दाब तपासण्यात आला. कोणी उघडली, कोणी तपासला, असं विचारलं की एकमेकांकडे बघून हसतात. नर्सिंगच्या मुली मात्र सगळंच लिहितात. पेशंटने चहा मागितला, सुनेने तोंड वाकडं केलं, इथपर्यंत.

हे काम मला मिळालं याचं मला अजून नवल वाटतं. मी मोडनिंबची. वडिलांचं हायवेला पंक्चरचं दुकान. घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि पदवीचं प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा वडिलांनी ते उलटंसुलटं करून मागच्या बाजूला काही लिहिलंय का तेही पाहिलं होतं. ज्या सरांनी हा अभ्यासक्रम बांधला, त्यांनी मुलाखतीत मला गाव विचारलं आणि म्हणाले, "म्हणजे तुम्हाला दोन मराठी येतात. या मुलांनाही दोन येतात. एकीतून दुसरीत जायची वाट दाखवा, बास." त्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनीच मला दोन नियम दिले, जे मी प्रत्येक वर्गात पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिते. जे घडलं ते, घडलं त्याच क्रमाने लिहा. आणि जिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे तिथे एका शब्दाचा एकच अर्थ निघू द्या.

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षात टेंभुर्णीकडची एक मुलगी होती. वडील ट्रकवर, आई दुसऱ्यांच्या रानात. वर्गात ती फारशी बोलत नसे, पण तिचं लिखाण मी दुसऱ्या विभागांच्या मुलांना नमुना म्हणून वाचून दाखवायची, इतकं ते स्वच्छ असे. नियम तिने मनावर घेतले होते. नोकरी लागली की आईला रानातून काढायचं, एवढंच तिचं ठरलेलं होतं, आणि ते ती कुणालाही सहज सांगायची.

एके दुपारी ती माझ्या खोलीच्या दाराशी आली. हातात कागद होता. तिची पोस्टिंग एका खासगी रुग्णालयात होती आणि तिथे तिच्या वॉर्डात एक म्हातारे गृहस्थ वारले होते. फुफ्फुसं जुनी खराब झालेली, बरेच दिवस ऑक्सिजनवर. अंत्यविधी झाल्यावर त्यांच्या मुलाने तक्रार केली होती. शेजारच्या खाटेवरच्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं की शेवटी तिथे फक्त ट्रेनिंगची पोरगी होती आणि तिने ऑक्सिजनला हात लावला. कॉलेजने तिच्याकडून लेखी खुलासा मागवला होता. समिती बसणार होती. खुलासा पटला नाही तर वर्ष जाणार, आणि कदाचित नर्स म्हणून पुढची नोंदणीही.

"तुम्ही एकदा नजर टाका मॅडम," ती म्हणाली. "शुद्धलेखन तरी."

मी वाचलं. दुपारी स्टाफ सिस्टर औषधं आणायला खाली गेल्या होत्या. मी एकटी होते. पेशंटच्या पत्नी शेजारी बसल्या होत्या. पेशंटची हालचाल थांबली. मी नाडी पाहिली. ऑक्सिजन वाढवला. डॉक्टरांना बोलावले. डॉक्टरांनी तपासून मृत घोषित केले. असा मजकूर. क्रम नीट होता, एकही शब्द जास्तीचा नव्हता. मी एक वेलांटी दीर्घ केली आणि कागद तिला परत दिला. चांगलं लिहिलंस म्हणाले.

मला त्यात काही खटकलं नाही, कारण आमच्याकडे तसंच म्हणतात. संध्याकाळी दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. देवापुढचा दिवा विझवत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली तर वाढली म्हणायचं. जे संपतंय त्याला संपलं म्हणायचं नाही, ही लहानपणापासूनची शिकवण. मेलेल्या माणसाच्या तोंडावरचा मास्क तिने काढला आणि ऑक्सिजन बंद केला, हेच तिला म्हणायचं होतं, आणि 'बंद केला' तिच्या हातून लिहवेना. मला वाचताना ते इतकं सरळ कळलं की दुसरा अर्थ असेल हे मनातही आलं नाही. माढा तालुक्यातल्या दोन बायका एका कागदावर वाकल्या होत्या आणि दोघींनाही एकच शब्द दिसत होता.

समितीला दुसरा दिसला.

मला बोलावणं आलं, कारण तिने सांगितलं होतं की कागद मॅडमनी तपासलाय. खोलीत कॉलेजच्या प्राचार्य होत्या, एक डॉक्टरीणबाई होत्या, आणि भिंतीला लागून ती मुलगी उभी होती. तिला बसायला सांगितलेलं असावं, पण ती बसली नव्हती. डॉक्टरीणबाई शांतपणे बोलत होत्या. अशा फुफ्फुसाच्या पेशंटला ऑक्सिजन बेतानेच द्यायचा असतो, आपल्या मनाने वाढवला तर श्वास आणखी मंदावतो, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलीलाही माहीत असतं, असं त्यांचं म्हणणं. तिने डॉक्टरांना न विचारता तो वाढवला, तसं स्वतःच लिहून दिलं, आणि पेशंट गेला.

घोळ नुसता शब्दाचाच आहे हे कळून मला इतका धीर आला की मी घाईघाईने बोलले. दिव्याचं सांगितलं, दुकानाचं सांगितलं. प्राचार्यांनी लगेच मान हलवली. त्यांच्याही सासरी तसंच म्हणायचे. "अगं बाई, म्हणजे बंद केला," असं त्या जवळजवळ हसून म्हणाल्या, आणि मला वाटलं झालं, सुटली पोरगी.

डॉक्टरीणबाई कागद परत वाचत होत्या.

"म्हणजे डॉक्टर यायच्या आधी बंद केला?"

तेव्हा मला तो कागद पहिल्यांदा दिसला. नाडी पाहिली, ऑक्सिजन वाढवला, डॉक्टरांना बोलावले. माणूस गेला हे ठरवायचा अधिकार फक्त डॉक्टरांचा, आणि त्यांना बोलावण्याआधी हिने बंद केला होता. वाक्यं पुढंमागं केली असती, दोन ओळी जोडून मोघम लिहिलं असतं, तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. अभियांत्रिकीच्या एखाद्या पोराने 'ऑक्सिजन बंद करण्यात आला' असं कुठेतरी शेवटी टाकून दिलं असतं आणि मोकळा झाला असता. हिने घडलं त्याच क्रमाने लिहिलं होतं. वाढवला म्हणजे जास्त केला असं धरलं तर एक चूक होत होती, आणि वाढवला म्हणजे बंद केला असं धरलं तर त्याहून मोठी.

तिला विचारलं, खरं काय ते सांग. ती म्हणाली, बंदच केला. पण स्वतःच्या मनाने नव्हे, पेशंटशेजारी बसलेल्या त्या आजी म्हणाल्या म्हणून.

मग बाहेर थांबलेल्या त्या तक्रारदार मुलाला आणि आजींना आत बोलावलं. मुलगा पुण्यात नोकरीला होता, चाळिशीचा असेल. डोक्याचे केस नुकते उगवत होते. आजी खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि पदर सारखा करत राहिल्या. प्राचार्यांनी विचारलं की त्या वेळी काय झालं, आठवतं का.

"आठवतं की," आजी म्हणाल्या. "मालक निवांत झालं हुतं. आन् ती नळी आपली फुसफुसतीया तोंडावर. बगवंना मला. म्हनलं पोरी, वाढव की आता त्ये."

मुलगा खुर्चीत पुढे आला. "आई, तू म्हणालीस?"

"मीच म्हनलं. तिला कशाला बोल लावताय?"

"पण तुला कसं कळलं ते गेले म्हणून? तू काय डॉक्टर आहेस?"

आजींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "हात माज्या हातात हुता. तुज्या न्हवता."

डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोपण लावलं. मुलगा उठून बाहेर गेला.

मी खाली उतरले तेव्हा तो जिन्याच्या वळणावर उभा होता. मला वाटलं भांडेल. त्याने विचारलं, "वाढवणे म्हणजे बंद करणे, हे शब्दकोशात आहे?"

आहे, मी म्हणाले.

"आधी येतो तो अर्थ, की नंतर?"

नंतर येतो, असं मी सांगितलं. तो म्हणाला, मीही गावच्या शाळेत शिकलोय, आईच्या तोंडून रोज ऐकलाय हा शब्द, पण समितीने दाखवलेला तो कागद वाचताना आठवला नाही. मग म्हणाला, ती पोरगी खोटं बोलत नसेल. आई पण नसेल. पण दोघींपैकी एकीने तरी डॉक्टरला आधी हाक मारायला पाहिजे होती ना? आईला घेऊन तो स्टँडकडे गेला, आणि दोन-चार दिवसांनी त्याने तक्रार मागे घेतली असं कळलं.

मुलीला ताकीद मिळाली आणि ती पोस्टिंग पुन्हा करावी लागली. वर्ष वाचलं. ती पास झाली तेव्हा पेढे घेऊन आली, आई सोबत होती. आई माझ्या पायाला हात लावायला वाकल्या आणि मी त्यांना अर्ध्यात धरलं. मुलगी हसत होती. मी पण हसले. पण तिने मला एकटीला व्हरांड्यात गाठून विचारलं, "मॅडम, नाडी मी नीट पाहिली होती. हाताला लागली नाही म्हणजे नव्हतीच ना?"

मी हो म्हणाले.

जुळे सोलापूरला माझ्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात शेगडीची एक नळी आहे, जुनी. कधीकधी ती बारीक आवाज करते. मी त्या वॉर्डात कधी गेलेली नाही. तो मास्क, ती नळी, त्या माणसाचा चेहरा, काही पाहिलेलं नाही. तरी हातातलं काम थांबतं, आणि त्या दुपारची खोली माझ्यासमोर अशी उभी राहते की जणू मी पलीकडच्या खाटेवर बसून होते. आजी हात धरून बसल्यात. पोरगी मनगटावर बोटं ठेवून उभी आहे. मला तिला ओरडून सांगायचं असतं, आधी हाक मार, मग वाढव. वर्गातही तसंच होतं. अभियांत्रिकीच्या मुलाने 'बॉयलरचा दाब वाढवला' असं लिहिलं की माझं लाल पेन तिथे अडतं. तो बिचारा म्हणतो, मॅडम, बरोबर आहे ना? बरोबरच असतं.

दुसरा नियम मी अजून फळ्यावर लिहिते. पहिला, क्रमाचा, लिहिताना आता मागे वळून मुलांच्या चेहऱ्यांकडे बघते. कुणीकुणी तो वहीत उतरवून घेतं, खाली रेघ मारतं. सरांना मी हे सगळं सांगायला गेले होते. ते आता थकलेत, कमी ऐकू येतं. सगळं ऐकून म्हणाले, नियम बरोबर आहे, आणि पोरीने बरोबर लिहिलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पण तुम्ही तिची साथ सोडू नका."

ती आता सोलापुरातच एका रुग्णालयात नोकरीला आहे. आई रानात जात नाही. सणाला फोन येतो, कधी नुसताच ख्यालीखुशालीचा. पण काही फोन वेगळे असतात. ड्यूटी संपल्यावरचे, भर दुपारचे. आधी ती काहीतरी लेखनाचं विचारते. नातेवाईकांना द्यायच्या सूचनेत 'कृपया' आधी घालू की नंतर, असलं काहीतरी, जे तिला माझ्याहून चांगलं येतं. मी सांगते. ती फोन ठेवत नाही. मागून गाड्यांचे हॉर्न ऐकू येतात. मला कळतं, आज तिच्या वॉर्डात कुणीतरी गेलंय.

"मॅडम," मग ती म्हणते, "ते आजोबा. गेले होते ना?"

"हो गं," मी म्हणते. "गेले होते. आजींच्या हातात हात होता, त्यांना कळलं होतं."

"हो," ती म्हणते, आणि फोन ठेवते. पुढच्या वेळी पुन्हा विचारते.